ग्राफ्टचा दर विचारण्याआधी साठा मोजा

सुरतेत केस प्रत्यारोपणाची चौकशी करायला गेलेल्या माणसाच्या हाती सर्वांत आधी पडतो तो ग्राफ्टचा दर. एका ग्राफ्टला इतके रुपये, तीन हजार ग्राफ्ट घेतले तर इतके, पाच हजारांचे पॅकेज घेतले तर दर आणखी खाली. कापड बाजारात मीटरचा भाव ठरतो आणि ठोक खरेदीला सूट मिळते, तीच रीत इथे आली आहे. पण कापड संपले तर मागावर आणखी विणता येते. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस एकदा काढले की त्या जागी पुन्हा उगवत नाहीत. केस नुकतेच विरळ होऊ लागलेल्या तरुणाचे या बाजारात कदाचित निभावून जाईल. ज्याच्या डोक्यावर कपाळापासून शेंडीपर्यंत टक्कल पसरले आहे, त्याचे मात्र ग्राफ्टच्या हिशेबाने हमखास नुकसान होते. आपल्याकडे काढता येण्याजोगे केस मुळात किती आहेत आणि ते आयुष्यभर कसे पुरवायचे, हा त्याचा पहिला प्रश्न असायला हवा. दर, तंत्र, यंत्र हे सारे त्यानंतर.

पुरुषांच्या टकलाची मोजपट्टी जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडली आणि ओ'टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये ती सुधारली. तिच्या सात श्रेणी आहेत. सहाव्या आणि सातव्या श्रेणीत वरचा सारा भाग उघडा पडतो. केस उरतात ते कानांच्या वर आणि मानेच्या वर, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या पट्टीत. हे केस टिकतात, कारण टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाचा त्यांच्या मुळांवर फारसा परिणाम होत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की केस कुठेही लावला तरी तो आपल्या मूळ जागेचा स्वभाव सोडत नाही. प्रत्यारोपणाचे सारे शास्त्र या एका निरीक्षणावर उभे आहे. त्याची दुसरी बाजू मात्र रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. टिकाऊ पट्टीच्या बाहेरचा केस उपटून पुढे लावला, तर तो नव्या जागीही आपल्या वेळेला गळणारच.

आता साधा गुणाकार करून पाहू. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. निरोगी डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ७० ते ८० ग्राफ्टइतकी दाटी असते. सहाव्या-सातव्या श्रेणीचे टक्कल २०० चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही मोठे असू शकते. म्हणजे पूर्वीसारखे डोके हवे असेल तर १४ हजार ग्राफ्ट लागतील. निम्म्या दाटीवर समाधान मानले तरी सात हजार. आणि मागच्या पट्टीतून, ती विरळ न दिसता, आयुष्यभरात काढता येतात ते साधारण चार ते सहा हजार. पट्टी अरुंद असलेल्या सातव्या श्रेणीत त्याहूनही कमी. गरज आणि साठा यांतली ही तफावत कोणत्याही सुरीने किंवा यंत्राने भरून निघत नाही. ‘डीएचआय’ हे पेनने केस रोवण्याच्या पद्धतीचे नाव, ‘सफायर’ हे पात्याचे. रोवण्याची सफाई त्याने सुधारत असेल, साठ्यात एका केसाचीही भर पडत नाही.

म्हणून या टप्प्यावरच्या माणसाला प्रामाणिक डॉक्टर देऊ शकतो तो एक अर्धामुर्धा, पण विचारपूर्वक आखलेला निकाल. कपाळावरची रेषा विशीतल्यासारखी खाली न आणता वयाला शोभेल इतकी वर ठेवायची. चेहऱ्याला चौकट मिळते ती पुढच्या भागामुळे, तेव्हा पहिला खर्च तिथे. शंभर चौरस सेंटिमीटरला तीन ते साडेतीन हजार ग्राफ्ट लावले की समोरून पाहणाऱ्याला डोके भरलेले वाटते. मागच्या भोवऱ्याचा विचार शेवटी, शिल्लक राहिली तर. भोवऱ्यापासून सुरुवात केलेल्या माणसाचे पुढचे कपाळ उघडेच राहते आणि तोवर साठा संपलेला असतो. तंत्राची निवडही याच हिशेबाने करावी लागते. एफयूई पद्धतीत एक मिलिमीटरच्या आसपासच्या पोकळ सुईने एकेक ग्राफ्ट काढतात, तर एफयूटीत कातडीची बारीक पट्टी काढून कडा शिवतात. ‘टाके नाहीत, व्रण नाही’ या जाहिरातीमुळे एफयूटी मागे पडली आहे. वस्तुतः एफयूईचेही व्रण असतात, पांढऱ्या ठिपक्यांचे, आणि हावरेपणाने केस काढले तर मागची बाजू कसर लागल्यासारखी दिसते. पट्टीच्या पद्धतीत एक लांब व्रण राहतो, पण ग्राफ्ट सर्वांत टिकाऊ भागातून येतात आणि आजूबाजूची दाटी शाबूत राहते. पुढे गरज पडल्यास तिथूनच एफयूईने आणखी काढता येतात. केस अगदी बारीक कापण्याची ज्याला सवय नाही, अशा सहाव्या श्रेणीच्या रुग्णासमोर हा पर्याय मांडलाच जात नसेल, तर सल्ला अपुरा आहे.

एका बैठकीत सारे उरकण्याचा आग्रह सुरतेत समजण्यासारखा आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते; हिऱ्याच्या कारखान्यांना मोठी सुट्टी मिळते ती दिवाळीत. नंदुरबार, नवापूर, धुळ्याहून उपचारासाठी सुरतेला येणाऱ्याला पुन्हा पुन्हा खेपा परवडत नाहीत. पण शरीराला सुट्ट्यांचे गणित कळत नाही. डोके बधिर करण्यासाठी लिग्नोकेन वापरतात. अॅड्रेनलिनसोबत दिले तरी त्याची सुरक्षित मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे सात मिलिग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम. बैठक लांबली की इंजेक्शने वाढतात आणि या मर्यादेकडे सरकत जातात. शिवाय काढलेले ग्राफ्ट शरीराबाहेर जितके जास्त वेळ राहतात तितके कमी जगतात. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला. सुमारे १५ तासांत ९,५०० च्या आसपास ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. अॅलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेचा संशय व्यक्त झाला होता, त्यामुळे मृत्यूचे खापर केवळ संख्येवर फोडता येणार नाही. तरीही डोक्यामागून आयुष्यभरात सुरक्षितपणे मिळणाऱ्या ग्राफ्टपेक्षा जास्त ग्राफ्ट एका बैठकीत लावले गेले, हे त्या आकड्यातून दिसतेच.

असे मृत्यू अत्यंत विरळ आहेत, मग लोकांना घाबरवायचे कशाला, असा आक्षेप येईल. मृत्यू विरळ आहेत हे खरे. प्रशिक्षित हातांत आणि आणीबाणीची सोय असलेल्या ठिकाणी हे दिवसभरात घरी जाता येण्याजोगे, सुरक्षित काम आहे. मुद्दा हात प्रशिक्षित आहेत की नाहीत हा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान हे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट लिहावे लागले, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. कानपूरमध्ये प्रत्यारोपणानंतर दोन अभियंत्यांचे मृत्यू झाले. मे २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला तो दंतवैद्यकाची पदवी असलेल्या व्यक्तीवर. आणि सुरतेला कानपूरकडे बोट दाखवता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच पोलिसांनी वैद्यकीय पदव्यांची बनावट प्रमाणपत्रे विकणारी टोळी पकडली. ती प्रमाणपत्रे भिंतीवर लावून दवाखाने चालवणारेही अटकेत गेले. ते केस लावत नव्हते, साध्या आजारांवर औषधे देत होते. पण भिंतीवरच्या चौकटीतला कागद खरा की खोटा हे रुग्णाला ओळखता येत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. गुजरातमध्ये वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा कायदा २०२१ पासून आहे. नोंदणीने जागेची खातरजमा होते. खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या हाताची नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टकलामुळे होणारे दुःख खरे असते. खानदेशात आणि सुरतेतल्या मराठी वस्त्यांत मुलगा पाहायला आलेल्या मंडळींची नजर आधी कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिशीच्या आत पाचवी-सहावी श्रेणी गाठलेला मुलगा लग्नाच्या बैठकीत टोपी काढायला कचरतो, त्याला ‘रूपाचे काय एवढे’ असे सुनावणे निर्दयपणाचे आहे. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या डोक्यावर काय करावे हा त्याचा अधिकार मला पूर्ण मान्य आहे. पण अधिकार बजावण्यासाठी माहिती लागते. आणि दुःख जितके खोल, तितका माणूस मोठ्या आकड्याच्या आश्वासनाला लवकर भुलतो. याच तरुणाला सर्वांत जास्त धोका आहे. पंचविशीत त्याची गळती कुठे थांबणार हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. आज खाली आणलेली दाट रेषा चाळिशीत, मागचे सारे गेल्यावर, डोक्यावर बेटासारखी उरेल आणि ती सावरायला साठा नसेल. त्याच्या बाबतीत थांबणे हाही उपचारच आहे.

दाढीचे आणि छातीचे केस वापरून साठा वाढवता येत नाही का, असेही विचारले जाते. काही प्रमाणात येतो. हनुवटीखालच्या दाढीचे केस चांगले रुजतात, पण ते जाड आणि राठ असतात. कपाळाच्या रेषेवर लगेच ओळखू येतात, म्हणून डोक्याच्या केसांत मिसळून मध्यभागी भर घालण्यापुरते त्यांचे काम. छातीच्या केसांची वाढ थोडकी आणि रुजण्याचा भरवसा कमी. ज्याची दाढी भरघोस आहे त्याला या मार्गाने हजार-दोन हजारांची जोड मिळू शकते. तेवढ्याने सातवी श्रेणी दुसरी होत नाही.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत जास्त सलतो. पात्र डॉक्टर महाग, विमा बहुधा हा खर्च देत नाही, आरोग्यसेवेला असलेल्या जीएसटी माफीतून केस प्रत्यारोपण नावानिशी वगळलेले आहे. मग कमी पगाराच्या माणसाने काय करायचे? स्वस्त जागी जाऊन साठा गमावणे, हे उत्तर खचितच नाही. बिघडलेले प्रत्यारोपण दुरुस्त करायला पहिल्याहून जास्त खर्च येतो आणि पुष्कळदा दुरुस्तीसाठी केसच उरलेले नसतात. सुरतेचे न्यू सिव्हिल हॉस्पिटल, महापालिकेचे स्मीमेर, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय इथल्या त्वचारोग विभागांत निदान आणि औषधाचा सल्ला अत्यल्प खर्चात मिळतो, आणि सुरुवात तिथूनच व्हावी. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही दोन औषधे अनेक वर्षे अभ्यासली गेली आहेत. अमेरिकेत फिनास्टेराइडला पुरुषांच्या टकलासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली. गुळगुळीत झालेल्या जागी ती केस उगवून आणत नाहीत, पण उरलेले राखतात, आणि मोठ्या टकलाच्या माणसाला उरलेले राखणे किती मोलाचे हे वरच्या गुणाकारातून दिसलेच आहे. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छेवर परिणाम होतो. युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही त्याचा दुष्परिणाम म्हणून नोंदवला. तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणण्याऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. आठवड्यांत टक्कल भरून काढणाऱ्या तेलाच्या आणि काढ्याच्या बाटल्यांपासून तर दूरच राहावे. टक्कल बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे आपल्या औषध नियमांचे परिशिष्ट ‘जे’ सांगते.

ज्याचा साठा फारच तोकडा आहे, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेबाहेरचे मार्ग दुय्यम समजू नयेत. हेअर पॅच वापरणारे अनेकजण समाधानी असतात. त्याची देखभाल सतत करावी लागते, पण तो काढून ठेवता येतो आणि मागचे केस शाबूत राहतात. टाळूवर बारीक ठिपके गोंदवून घेतले की डोके नुकतेच भादरल्यासारखे दिसते. आणि सरळ केस काढून टाकणे, याला तर खर्चही नाही.

शस्त्रक्रिया करायचीच असे ठरले, तर सही करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून मागा: टक्कल किती चौरस सेंटिमीटर आहे, मागच्या पट्टीत सुरक्षितपणे काढण्याजोगे ग्राफ्ट किती आहेत, या बैठकीनंतर किती शिल्लक राहतील, आणि केस काढण्याचे व छेद देण्याचे काम कोणता नोंदणीकृत डॉक्टर स्वतः करणार आहे. गुजरात मेडिकल कौन्सिलने हा लेखी हिशेब प्रत्येक केंद्राला सक्तीचा करावा. तो होईपर्यंत, डोक्याची मागची बाजू भिंगाखाली न पाहताच जो पॅकेजचा आकडा सांगतो, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नका.