हप्ता छोटा आहे हो, पण त्याचा वार कोण ठरवतो?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातून दर आठवड्याला हप्ता जातो, त्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या बाईला वाचून दाखवा. कारण कर्जावर सही बहुतेक वेळा तिचीच असते.

बारामती-इंदापूरच्या कुठल्याही वस्तीवर हप्त्याच्या दिवशी सकाळी जाऊन बघा. फायनान्सचा पोरगा गाडीवरून येतो. कुणाच्या तरी ओट्यावर दहा-पंधरा बाया बसलेल्या असतात. एकीचे दोनशे कमी पडले की बाकीच्यांनाही उठू देत नाहीत. मग कुणी शेजारणीकडून आणतं, कुणी दुकानदाराकडून, आणि कुणी दुसऱ्या फायनान्सचा फॉर्म भरतं. आमच्या वस्तीवरच्या एका वहिनींकडे अशी तीन कार्डं आहेत. तिसरं लोन कशाला काढलं विचारलं, तर म्हणाल्या, "पहिल्या दोघांचे हप्ते भरायला."

यावर शहाणे लोक सांगतात, "छोटा हप्ता सोपा पडतो, माणसाला शिस्त लागते." अर्धं खरं आहे. मी स्वतः दुकानाचं देणं रोजच्या गल्ल्यातून दोन-दोनशे बाजूला काढून फेडलंय. थोडं थोडं फेडणं यात काहीच वाईट नाही. पण तिथं रक्कम मी ठरवली होती आणि दिवसही मीच. धंदा झाला नाही त्या दिवशी शंभर टाकले, बाजारच्या दिवशी पाचशे. इथं तसं आहे का?

आपल्याकडं पैसा कसा येतो बघा. दुधाचा पगार दहा दिवसांनी. एमआयडीसीतल्या कंत्राटी पोराचा महिन्याला. उसाचं बिल तोडणी झाल्यावर. कायद्यानं ते 14 दिवसांत मिळायला पाहिजे, प्रत्यक्षात कधी मिळतं ते तुम्हाला माहितीय. आणि सुप्याकडच्या जिराईत पट्ट्यात तर पाऊस पडला तरच. आता या घरावर दर मंगळवारी ठरलेला हप्ता लावला, तर मधल्या मंगळवारी ती बाई पैसे आणणार कुठून? तिथूनच दुसरं कर्ज जन्माला येतं.

आणि हे नियमात बसतं का? रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. त्यात सांगितलंय की कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा कालावधी ठेवण्याचं धोरण कंपनीकडं पाहिजे. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुली ठरलेल्या जागीच करायची, तिथं लागोपाठ दोन वेळा माणूस आला नाही तरच घरी यायचं. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, सगळ्याला मनाई. आपल्या भाषेत कार्ड देणं सक्तीचं. आता सांगा, यातलं किती तुमच्या ओट्यावर पाळलं जातं?

आता हिशोब. समजा 40 हजार घेतले आणि 52 आठवडे 867 रुपये भरले. एकूण भरले 45 हजार 84. लोक म्हणतात, "पाच हजारच व्याज, म्हणजे साडेबारा टक्के झाले." नाही! पहिल्या आठवड्यापासून तुम्ही मुद्दल परत करताय. वर्षभर 40 हजार तुमच्याकडं राहिलेच नाहीत, सरासरी निम्मेच राहिले. खरा दर आहे 24 टक्के. त्यात सुरुवातीला विमा आणि प्रोसेसिंगच्या नावानं कापलेले पैसे धरा, म्हणजे आणखी वर.

रोजवाल्या सावकाराचं तर विचारूच नका. दहा हजार लिहायचे, हातात साडेआठ द्यायचे आणि रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवस. भाजीवाल्याला वाटतं, शंभराचं काय एवढं? वर्षाचा दर काढला तर 120 टक्क्यांच्या वर जातो. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 चा आहे. विनापरवाना सावकारीला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं करायची. पण तक्रार करतं कोण? सावकार भावकीतलाच असतो नाहीतर नेत्याच्या मागं फिरणारा.

आपण कुठल्या मातीत राहतो ते आठवा. 12 मे 1875, सुपे. तेव्हा हे गाव भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे. बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी कर्जाची खतं मागून जाळली. रोख माणसांपेक्षा कागदावर होता, कारण त्या कागदात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कधी कळलंच नव्हतं. हे लोण इंदापूरपर्यंत गेलं. इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि 1879 ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात काय होतं? भरल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशोब, मागेल त्याला पासबुक, आणि कोर्टाला हप्ते बांधून देण्याचा अधिकार. म्हणजे हप्ता ही कर्जदाराला दिलेली सवलत होती. दीडशे वर्षांत आपण तिचा गळफास करून घेतला.

"घेताना कळत नव्हतं का?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, दवाखान्यात ॲडव्हान्स भरायचा असतो तेव्हा कुणी व्याजदर विचारत नाही. आणि "भरूच नका, माफ करून घेऊ" म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनाही सांगतो, तुमचं भाषण संपतं, थकबाकी बाईच्या नावावर राहते. पुढं तिला बँक दारात उभी करत नाही. घेतलेलं फेडायचंच. पण आपल्या चालीनं.

म्हणून चार गोष्टी करा. एक, सगळी कार्डं काढून एका वहीत लिहा, किती घेतले, किती भरले, किती राहिले. दोन, हप्ता दुधाच्या पगाराला किंवा महिन्याला बांधून द्या असा अर्ज गटानं मिळून लेखी द्या आणि पोच घ्या. तीन, जादा पैसे आले की सगळ्यात महाग कर्ज आधी मिटवा. चार, हप्त्यासाठी नवीन कर्ज काढू नका. गरज पडलीच तर आधी उमेदच्या बचत गटाकडं जा, तिथलं अंतर्गत कर्जाचं व्याज निदान आपल्याच गटात राहतं.

आणि दूध संस्था, पतसंस्था, कारखान्यांच्या संचालकांनो, निवडणुकीत दारोदार येता ना? मग दहा दिवसांच्या पगारातून कापून घेणारं छोटं कर्ज तुम्ही का देत नाही? दूध तुमच्याकडं येतं, पगार तुम्हीच काढता, वसुलीला माणूससुद्धा लागणार नाही. की सहकार फक्त फलकावर लिहायला आहे?

तुमच्या वस्तीवर हप्ता कोणत्या वारी असतो आणि तो वार कुणी ठरवला, कमेंटमध्ये लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल.