लाजरी थैली

पैशाची ओढाताण होऊ लागली म्हणजे ‘हात आखडला आहे’ किंवा ‘खिशात खडखडाट आहे’ असे म्हणण्याची आपली रीत. चिनी लोकही ‘हात आवळला आहे’ असेच म्हणतात; आणि फारच हलाखी असली, तर ‘इतका गरीब, की खणखण वाजतो’ असे. रिकामे भांडे वाजावयाचेच, मग ते कोणत्याही देशातले असो!

त्यांच्या शिष्ट बोलण्यात मात्र ‘थैली लाजते’ असा एक गोड प्रयोग आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रुआन फू नावाचा एक अधिकारी होऊन गेला. तो काळी थैली घेऊन हिंडे. आत काय आहे, असे कोणी विचारता तो म्हणाला, की एकच नाणे आहे. थैली अगदीच रिकामी राहिली तर बिचारी लाजेल, म्हणून तिच्या राखणीस ते ठेवले आहे. लाज काय ती थैलीला. धन्याची मान ताठच! उसने मागावयास निघालेल्याने ही युक्ती ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

हल्लीच्या तरुणांची बोली निराळी. चिनी भाषेत ‘युए’ म्हणजे चंद्र आणि महिनाही. ‘ग्वांग’ म्हणजे प्रकाश, आणि ‘सारे संपले’ असाही त्याचा अर्थ. तेव्हा महिन्याचा पगार महिन्यातच फस्त करणारा तो चांदण्याच्या गोतातला! दुसरा शब्द ‘माती खाणे’. मराठीत माती खाणे म्हणजे लाजिरवाणे काही करून बसणे. तिकडे अर्थ एवढाच, की पैसे संपले, आता जेवणास माती. अलीबाबा या कंपनीने २००९ साली ११ नोव्हेंबरला स्वस्त विक्रीचा प्रघात पाडला. त्या दिवशी भरमसाट खरेदी करावयाची आणि ‘पुढला महिना माती खाणार’ असे हसत सांगावयाचे, ही तिकडची नवी तऱ्हा.

विनोद चांगला आहे, पण ऐकून मन चरकते. १९५९ ते १९६१ या वर्षांत, राज्यकर्त्यांच्या धोरणांमुळे ओढवलेल्या दुष्काळात, चीनमध्ये कोट्यवधी माणसे मेली आणि खेड्यांतील लोकांनी खरोखरच माती खाल्ली. ग्वानयिन ही तिकडची करुणेची देवी; तिच्या नावाची एक पांढरी, मऊ चिकणमाती असते. तिने पोट भरल्यासारखे वाटते, अंगी मात्र काही लागत नाही, आणि ती आतड्यांत घट्ट बसते. कित्येक त्या मातीनेच दगावले. त्या वर्षांतून वाचलेल्या आज्या आजही तिकडे कित्येक घरांत आहेत, आणि नातवंडांच्या तोंडचा हा शब्द त्यांच्या कानी पडतच असणार.