गाडी पुण्यात नको, घराजवळ लावू द्या!

मंडळी, थोडं लांब लिहितोय, पण शिरूर-दौंडच्या प्रत्येकानं वाचावं असं आहे.

पुणे-शिरूर उन्नत मार्ग. ५३ किलोमीटर, सहा पदरी, साडेसात हजार कोटी. व्हावा, माझा विरोध नाही. पण त्या पुलावरून सुसाट गेलेली गाडी पुण्यात उतरल्यावर लावायची कुठं?

लगेच उत्तर येतं, मेट्रो आहे ना! आहे. मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत आली, जून २०२५ ला केंद्रानं वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत मंजुरी दिली. तिथं मोठं पार्किंग करा म्हणतात. अहो, घोडनदीवरून निघालेला माणूस शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंदची कोंडी खाऊन वाघोलीला पोचतो. सगळं भोगून झाल्यावर गाडी लावून मिळवलं काय? पार्किंग कोंडीच्या अलीकडं पाहिजे, पलीकडं नाही.

कोंडी चुकवणारी वाट तर आपल्याकडं आहेच. दौंड, पाटस, केडगाव, यवत ही स्टेशनं आजची नाहीत. २०१७ ला पुणे-दौंड मार्गावर विजेची तार आली. न्हावऱ्याकडच्या माणसाला भीमा ओलांडून केडगाव स्टेशन गाठता येतं. पण गाडी ठेवायची कुणाच्या भरवशावर? स्टेशनबाहेर उघड्यावर लावलेल्या माझ्या गाडीतलं पेट्रोल दोनदा गेलंय, हेल्मेट एकदा. अंधारात आपली गाडी शोधत फिरणाऱ्या नोकरदार पोरी बघतो, तेव्हा पेट्रोलचं काहीच वाटत नाही.

हे कुणालाच का दिसत नाही? शिरूर तालुका शिरूर लोकसभेत, दौंड बारामती लोकसभेत. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची, मेट्रो महामेट्रोची. प्रवासी मात्र एकच, आणि तो कुणाचाच नाही!

मागणी कोट्यवधींची नाही :

१. या चारही स्टेशनांवर दुचाकींसाठी पत्र्याची शेड, दिवे, कॅमेरे आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत माणूस. रेल्वेच्या पासातच पार्किंगचा पास.

२. शिरूर-न्हावरा-केडगाव एसटी, रेल्वेच्या वेळा धरून. गाडी गेल्यावर येणारी एसटी काय कामाची?

३. शिरूर आणि शिक्रापूरला एसटी थांब्याजवळ पार्किंग, तिथून थेट रामवाडी मेट्रोपर्यंत बस.

४. विठ्ठलवाडीच्या मेट्रोसाठी लागणारी जागा आजच राखून ठेवा. उद्या तिथं इमारती उभ्या राहिल्यावर जागा नाही म्हणून रडू नका.

आणि हो, पार्किंग म्हणजे चारचाकीचं मैदान नव्हे. आपल्याकडचा माणूस दुचाकीवर येतो. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाक्या सहज बसतात. हिशोब इतका सोपा आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव करून घ्या. मत मागायला जो येईल त्याला एवढंच विचारा : साहेब, पूल दिलात, गाडी कुठं लावू?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू या.

#शिरूर #दौंड #केडगाव