उशीर चालेल, अर्धवट नको!

शंभरपैकी पस्तीस गुण मिळाले की आपण पास! पण उरलेल्या पासष्ट गुणांचं पुढे काय होतं, याचा कधी विचार केलाय? पाचवीत अपूर्णांक कच्चे राहिले, की पुढे गुणोत्तर-प्रमाण अडतं आणि बीजगणित तर पार डोक्यावरून जातं. मग कुणीतरी म्हणतं, "याला गणितात गतीच नाही." हळूहळू आपल्यालाही ते खरं वाटू लागतं. हो की नाही?

हे फक्त शाळेतच होतं असं नाही बरं का! कॉलेजातही तेच. तिथे यावर उपाय शोधणाऱ्या एका प्राध्यापकांची ही गोष्ट.

त्यांचं नाव फ्रेड केलर. १८९९ मध्ये अमेरिकेत जन्मलेले केलर लहान वयातच शाळा सोडून तारयंत्रावर काम करू लागले. पण पुढे ते पुन्हा शिकले आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना तारेची 'कडकट्ट' भाषा, म्हणजे मोर्स लिपी, भराभर शिकवायची होती. केलर यांनी एक साधी युक्ती काढली. एक खूण ऐकवायची, क्षणभर थांबायचं, तेवढ्यात सैनिकानं अक्षर लिहायचं आणि लगेच बरोबर उत्तर सांगायचं. चूक तिथल्या तिथे कळली, की सुधारताही तिथेच येते!

पुढे ब्राझील देशाची नवी राजधानी ब्राझिलिया इथे नवं विद्यापीठ निघालं. तिथल्या मानसशास्त्राच्या वर्गासाठी केलर, त्यांचे सहकारी शर्मन आणि ब्राझीलचे आझी व कॅरोलिना बोरी यांनी मिळून एक वेगळीच पद्धत आखली. १९६४ मध्ये ती तिथे सुरू झाली आणि १९६५ मध्ये अमेरिकेत अॅरिझोनाला पोचली.

अॅरिझोनात त्यांनी अभ्यासाचे ३० छोटे भाग पाडले. प्रत्येक भागाबरोबर काय वाचायचं, काय करायचं हे छापून दिलेलं. ज्यानं त्यानं आपल्या वेगानं अभ्यास करायचा आणि तयारी झाली की छोटी परीक्षा द्यायची. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर आली, तरच पुढचा भाग हातात! नाही आली तर? नापासाचा शिक्का नाही की गुण कापणं नाही. पुन्हा वाचा, पुन्हा परीक्षा द्या. पेपर तपासायला हा विषय पक्का झालेला एक विद्यार्थीच शेजारी बसायचा. कुठे चुकलं, का चुकलं, ते समोरासमोर सांगायचा.

एरवी वेळ सगळ्यांना सारखा मिळतो आणि शिकणं कमी-जास्त होतं. केलर यांनी हे उलटं केलं. शिकणं सगळ्यांचं पक्कं, वेळ मात्र ज्याला जेवढा लागेल तेवढा! त्याच सुमारास, १९६८ मध्ये, बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञानंही असंच मांडलं, की पुरेसा वेळ आणि मदत मिळाली तर बहुतेक मुलं अवघड विषयही चांगला शिकू शकतात.

मग फायदा झाला का? १९७९ मध्ये अशा कितीतरी वर्गांचे निकाल एकत्र तपासले गेले. नेहमीच्या वर्गांपेक्षा या वर्गांना शेवटच्या परीक्षेत सरासरी ८ टक्के गुण जास्त होते. पण एक गोम होती. "आपल्या वेगानं" म्हटल्यावर काहीजण "उद्या बघू, परवा बघू" करत बसले आणि मागे पडले. शिक्षकांचं कामही फार वाढलं. त्यामुळे ती पद्धत पुढे मागे पडली. विचार मात्र टिकला. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रमही कौशल्यांवर बेतलेला आहे. इंजेक्शन देणं, टाके घालणं अशा गोष्टी होणाऱ्या डॉक्टरांना नीट करून दाखवाव्या लागतात. बरोबरच आहे ना? अर्धंच इंजेक्शन येणारा डॉक्टर कुणाला हवाय!

तुम्हीही घरी हे करून बघा. एका धड्याचे चार-पाच तुकडे पाडा. प्रत्येकावर पाच प्रश्न काढायला मित्राला किंवा ताईला सांगा. पाचही बरोबर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि हो, तारीख आधीच ठरवा, नाहीतर तुमचंही "उद्या बघू" होईल!

आई-बाबा, तुम्हालाही एक विनंती. पेपर हातात आला की "किती पडले?" असं विचारण्याआधी "काय राहिलं?" असं विचारा. आणि राहिलेलं शिकायला थोडा वेळ द्या. जो उशिरा शिकतो, तोही शिकतोच की!

तर मग दोस्तांनो, कुठला धडा कच्चा राहिलाय? आजच शोधा. पुढच्या आठवड्यात भेटूच!