स्टेपनीचा भार कोणी घ्यायचा?

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून परतलेली एक जीप माझ्या शेडसमोर येऊन थांबली, तेव्हा तिच्या मागे स्टेपनी नव्हती. ती घाटातच गळून पडली होती. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने गाडी कडेच्या चिखलात घातली, म्हणून तो वाचला. मालकाने कॅरिअरचा मोडका तुकडा गोणपाटात गुंडाळून आणला होता. मी तो उजेडात धरून पाहिला. वेल्ड शाबूत होता. त्याला लागूनची पट्टी तुटली होती आणि तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजलेला होता. म्हणजे चीर बरीच जुनी होती. वरून काळा रंग मारलेला, त्यामुळे ती कोणाच्या नजरेला पडली नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी 27 वर्षं फॅब्रिकेशन करतो. आधी ट्रॉल्या आणि ग्रिल, नंतर जीप-थारचे मागचे बंपर आणि स्टेपनी कॅरिअर. यात माझं पोट आहे, हे आधीच सांगतो. तरीही म्हणतो, हे काम तपासल्याशिवाय रस्त्यावर येता कामा नये. आणि तपासून घ्यायला सरकारने वाट ठेवली पाहिजे.

कॅरिअर मिरवायला लावतात, असा पुष्कळांचा समज आहे. खरी गरज वेगळी आहे. रानवाटेसाठी लोक मोठं टायर चढवतात, मग स्टेपनीही तेवढीच मोठी लागते. रिमसकट ती सहज 35 किलो भरते. मागच्या दरवाजावर टांगली, तर तिचा मध्य बिजागरीपासून पाऊण मीटर लांब राहतो. दोन बिजागऱ्यांत 30 सेंटिमीटर अंतर धरा. दार उघडलं की वरची बिजागरी जवळपास 88 किलोच्या ताकदीने ओढली जाते आणि खालची तेवढ्याच ताकदीने दाबली जाते. यात दाराचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. आधी बिजागरीत खेळ येतो, मग दार खडखडतं, मग पत्र्याला चीर जाते. म्हणून हा भार दारावरून काढून चासीवर द्यायचा. कॅरिअरचं काम एवढंच.

पण चासीवर देणं म्हणजे चासीला चिकटवणं नव्हे. चासीवर आडवा वेल्ड मारायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. वेल्डच्या कडेला लोखंडाचा गुण बदलतो आणि रोजच्या हादऱ्यांनी चीर तिथूनच निघते. कंपनीने दिलेल्या भोकांतच ब्रॅकेट बसवायचं, 10.9 ग्रेडचे बोल्ट घालायचे. चासी पेटीसारखी बंद असेल तर आत पाइपाची स्लीव्ह द्यायची, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच चेपते. कॅरिअरचा हात ज्या स्पिंडलवर फिरतो त्याला वर-खाली दोन टेपर बेअरिंग आणि ग्रीस निपल हवं. हात बंद झाल्यावर त्याचं टोक रबरी ठोकळ्यावर टेकलं पाहिजे, लॅचच्या जिवावर लोंबकळता कामा नये. घाटात गळालेल्या त्या कॅरिअरला ठोकळाच नव्हता.

आणि वजन. 5 मिलिमीटरची एक चौरस मीटर प्लेट 39 किलोंची होते. मी केलेला पहिला बंपर सगळा त्याच प्लेटचा होता, 62 किलो भरला. गिऱ्हाईक खूश होतं. आज तो मी करणार नाही. मागच्या ॲक्सलच्या 90 सेंटिमीटर मागे 100 किलो टांगले आणि दोन ॲक्सलमधलं अंतर 2.45 मीटर असलं, तर पुढच्या चाकांवरचं वजन सुमारे 37 किलोंनी कमी होतं. ओल्या घाटात वळण घ्यायचं असतं ते याच पुढच्या चाकांनी. आता जाड प्लेट मी फक्त ब्रॅकेटला वापरतो, बाकी 3 मिलिमीटर. गाडी आधी वजनकाट्यावर नेतो आणि काम झाल्यावर पुन्हा नेतो. टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली जाणार असेल, तर काम घेत नाही.

आता कायदा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितलं, ते योग्यच होतं. पुढच्या जाड गार्डाने पायी चालणाऱ्याचा जीव जातो, एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. पुढचे गार्ड मी तेव्हाच बंद केले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीची मूळ रचना बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पण त्याच दुरुस्तीत फेरफारासाठी मानकं आणि मंजुरीच्या अटी ठरवायचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. तो अधिकार स्टेपनी कॅरिअरसाठी वापरावा, एवढंच माझं मागणं आहे.

सीएनजी किटचं हेच झालं ना? मंजूर किट, अधिकृत बसवणारा, आरसीवर नोंद. कॅरिअरलाही आराखडा, वजनाची मर्यादा आणि जोडाची चाचणी ठरवता येईल. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय पुण्यातच आहे, आणि लोखंडाचा तुकडा ताणून तोडणारी यंत्रं इंजिनिअरिंग कॉलेजांत असतात. बनवणाऱ्याने आपला शिक्का मारावा आणि जबाबदारी घ्यावी. मी पहिला रांगेत उभा राहीन. आज चांगलं काम करणारा आणि चिरेवर रंग फासणारा, दोघेही कायद्याच्या लेखी सारखेच. मग गिऱ्हाईक स्वस्तातल्याकडे जातं आणि किंमत मागून येणारा दुचाकीवाला मोजतो.

तो मोडका तुकडा मी शेडच्या दारातच टांगून ठेवला आहे. जीपवाल्याला मी तूर्त जुन्या मापाच्या टायरवर परत आणलं, आणि स्टेपनी कंपनीने दिली होती त्याच जागी बसवली. नवं कॅरिअर करून द्या म्हणून तो दोनदा येऊन गेला. त्याचा आराखडा कागदावर तयार आहे, वजनासकट. तो तपासून त्यावर सही कोण करील, ते आधी ठरू दे, असं त्याला सांगितलं आहे.