चूल बंद ठेवायची, तर काय विकत घ्यायचं?

कच्चा आहार सुरू करायचा असं घरात ठरलं की पहिली खरेदी होते ती यंत्राची. पंधरा-वीस हजारांचा, हळूहळू पिळून रस काढणारा ज्यूसर, नाहीतर त्याहून महाग ब्लेंडर. मागोमाग काकडीच्या शेवया पाडणारं यंत्र, मोड आणायचा प्लास्टिकचा डबा, फळं वाळवायची पेटी. उन्हाळ्याच्या तोंडावर वाचकांच्या पत्रांत हा विषय हमखास येतो आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: कुठलं मॉडेल घेऊ? त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असं मला वाटतं. चूल आपल्यासाठी नेमकं काय करत होती?

ती तीन कामं करत होती. अन्न मऊ करत होती, त्यातले जंतू मारत होती आणि काही कडधान्यांत मुळातच असलेलं विष घालवत होती. चूल बंद केली की ही कामं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतात. बाजारातली सगळी यंत्रं पहिल्या कामावर तुटून पडलेली आहेत. वाटून देतो, पिळून देतो, किसून देतो. दुसऱ्या कामाबद्दल खोक्यावर एक ओळही नसते. तिसरं काम करणारं यंत्र तर नाहीच. म्हणून माझं मत ठाम आहे: कच्च्या आहाराचं साधन निवडताना ते किती वेगानं फिरतं हे पाहू नका, ते शेवटच्या खाचेपर्यंत धुता येतं का ते पाहा.

मऊ करण्याचं काम आधी घेऊ, कारण त्यात मराठी स्वयंपाकघराची विद्या मोठी आहे. खमंग काकडीची काकडी कशी चोचवतात ते आठवा. टोक कापून, चाखून, साल काढून काकडी डाव्या हातात आडवी धरायची. सुरीनं तिच्यावर जवळजवळ घाव घालत जायचं आणि काकडी हातातल्या हातात थोडी थोडी फिरवायची. मग वरचा थर पातळ कापून परातीत पाडायचा. पुन्हा घाव, पुन्हा थर. पडतात त्या बारीक, कडा शाबूत असलेल्या फोडी. हीच काकडी किसली तर पाण्यात किस तरंगतो आणि ते पाणी पिळून टाकण्याचा मोह होतो. चोचवलेल्या काकडीला मीठ अगदी पानावर बसताना लावलं की ती शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहते. तिथे चावायला काही उरतं, आणि कच्च्या आहारात पोट भरल्याची जाणीव मुख्यतः चावण्यातूनच येते. भाजलेल्या दाण्यांचा कूट आणि फोडणी कडक नियमाच्या माणसाला सोडावी लागेल. ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि लिंबावर ती उत्तम होते.

यासाठी लागते ती धार. बोथट पातं कापत नाही, चेंगरतं. चेंगरलेली कोथिंबीर तासाभरात काळी पडते आणि कोबी पाणी सोडतो. कच्चं खाणाऱ्या घरात सुरीला किंवा विळीला महिन्यातून एकदा तरी धार लागलीच पाहिजे. धार लावणारा दारावर येत नसेल तर धारेचा दगड घरात आणून शिकून घ्यावं. ज्यांच्याकडे पाटाची विळी अजून आहे त्यांनी ती माळ्यावर टाकू नये. पातं लोखंडी असेल तर कैरी-लिंबू चिरून झाल्याबरोबर धुऊन कोरडं करावं, एवढंच. तिच्या टोकाची खोवणी आयतीच मिळते, आणि ओल्या खोबऱ्याशिवाय कच्च्या आहाराचं आपल्याकडे पान हलत नाही. कोकणात बऱ्याच घरांत माशांची विळी वेगळी असते. ज्या घरात एकजण कच्चं खातो आणि बाकीचे मासळी-मटण, तिथे ही पद्धत सक्तीची समजावी.

चिरण्याच्या पाटाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्लास्टिकचा पाट अधिक स्वच्छ, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लायव्हर यांनी 1990च्या दशकात हे तपासलं. लाकडावर पडलेले जंतू आत शोषले जाऊन मरत होते, तर सुरीचे चरे पडलेल्या जुन्या प्लास्टिकवर हातानं धुतल्यावरही टिकून राहत होते. जाडजूड लाकडी पाट घ्या, धुऊन उभा वाळवा.

किसणीला युरोपात एका डॉक्टरानं मानाचं स्थान मिळवून दिलं. झुरिचचे माक्स बिर्खर-बेनर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या रुग्णांना जे म्यूसली देत, त्यात धान्य नावाला होतं. चमचाभर भिजवलेला ओट आणि बाकी साल-गाभ्यासकट किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस, थोडं आटवलेलं दूध, वरून बदाम-अक्रोडांची पूड. सफरचंद वाढण्याच्या क्षणी किसायचं, हा त्यातला मुख्य नियम. त्यासाठीची खास किसणी तिकडे आजही त्यांच्याच नावानं विकली जाते. आपण किसणी घेताना एकसंध स्टीलची घ्यावी. पातळ पत्र्याला भोकं पाडून चौकटीत दुमडून बसवलेली किसणी स्वस्त पडते, पण त्या दुमडीत गाजराचा चोथा अडकतो आणि तिथे ब्रश पोचत नाही.

गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा पहिला प्रयोग 1893मध्ये प्रिटोरियात केला आणि दुसरा 1929मध्ये साबरमतीला. दुसऱ्या प्रयोगातला आपला रोजचा आहार त्यांनी 'यंग इंडिया'त मापांसकट दिला आहे: मोड आलेले गहू 8 तोळे, वाटलेले बदाम 8 तोळे, कुटलेला हिरवा पाला 8 तोळे, 6 आंबट लिंबं आणि 2 औंस मध. कधी गव्हाऐवजी मोडाचे हरभरे, तेव्हा बदामाऐवजी नारळाचं दूध. यातली साधनं मोजून पाहा. भिजवायचं भांडं, मोडाचं फडकं, वाटायला आणि कुटायला दगड. हा प्रयोग फार काळ टिकला नाही. आव झाली, अशक्तपणा आला आणि तो थांबवावा लागला. गांधीजींची काटेकोर शिस्त असतानाही पोट बिघडलं, हे कच्च्या आहाराच्या उत्साहात विसरू नये.

आता मिक्सर. परदेशी बनावटीचे मिक्सर आपल्या वाटणांपुढे हात टेकत असत, म्हणून 1960च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' आणला. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, सुकी मिरची, सगळं दळू शकेल अशी मोटर त्यात होती. आज घराघरांत असलेला मिक्सर त्याच वंशातला आहे. कच्च्या आहाराला लागणारं जवळजवळ सगळं वाटण तो करतो. सोलकढी घ्या. खवलेलं खोबरं, लसूण, मिरची कोमट पाण्याबरोबर फिरवायची, पंचाच्या फडक्यातून पिळायची आणि आगळ घालायचं. विस्तवाचं नावही नाही. परदेशी दुकानांत बदामाचं दूध गाळायची जी पिशवी महाग विकतात, ती म्हणजे हा पंचाच.

मोठ्या ताकदीच्या ब्लेंडरची अडचण वेगळी आहे. पाच-सहा मिनिटं सलग चालवला तर पात्यांच्या घर्षणानं आतलं सूप वाफाळायला लागतं, आणि उत्पादक हे त्याचं वैशिष्ट्य म्हणून सांगतात. साधारण 46 ते 48 अंशांच्या वर अन्न जाऊ द्यायचं नाही, अशी मर्यादा पाळणाऱ्या माणसानं हे वैशिष्ट्य कशासाठी विकत घ्यावं? साधा मिक्सरही थांबत-थांबत फिरवावा. चटणी कोमट लागली की समजायचं, फार फिरवली.

मिक्सरच्या झाकणातली रबरी कडी एकदा सुरीच्या टोकानं उचकटून बघा. तिच्या खोबणीत हिरवट-काळा, बुळबुळीत थर सापडतो. खोबऱ्याचा चव, पुदिना, पाणी असं थोडं थोडं साचून झालेला. त्याला आंबूस वास येतो. शिजणाऱ्या वाटणाचं तसं फार बिघडत नाही, कारण ते पुढे कढईत उकळतं. कच्ची चटणी थेट पानात येते. पात्याच्या खालच्या वायसरचीही तीच कथा. नवा मिक्सर घेताना कडी निघते का, पातं पिळून सुटं होतं का, वायसर वेगळा मिळतो का, हे दुकानातच करून बघा. वॉटचा आकडा त्यानंतर.

ज्यूसरबद्दल मी फारशी उदार नाही. हळू फिरणारा ज्यूसर गव्हाच्या तृणाचा आणि पालेभाज्यांचा रस वेगानं फिरणाऱ्यापेक्षा चांगला काढतो, हे खरं. पण त्याच्या जाळीची बारीक भोकं रस काढल्याबरोबर ब्रशनं घासली नाहीत तर चोथा वाळून बसतो आणि पुढचा रस त्याच्यातून गाळला जातो. शिवाय फळाचा रस काढला की तंतू कचऱ्यात आणि साखर पेल्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शनात फळांच्या रसातली साखर मोकळ्या साखरेत धरली आहे, अख्ख्या फळातली नाही. मधुमेह असलेल्या माणसानं ज्यूसरचा खर्च वाचवून किसणी घ्यावी.

दुधीचा रस काढणाऱ्यांसाठी तर ज्यूसरच्या आधी जीभ वापरणं हा जिवाचा प्रश्न आहे. 2010मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसानं मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनं सांगितलं की रस काढण्याआधी दुधीची चकती चाखायची आणि कडू लागली तर दुधी फेकून द्यायचा. कारण आहे कुकुरबिटासिन हे काकडी-दुधीच्या कुळातलं कडू द्रव्य. अख्खा दुधी चिरताना घरातलं कुणीतरी तुकडा तोंडात टाकतंच. यंत्रात तो कारलं, आवळा, पुदिन्याबरोबर जातो आणि कडूपणा त्या सगळ्यांत लपतो. सकाळी बागेबाहेर मिळणारा मिश्र रस मी म्हणूनच पीत नाही.

मोडांचं साधन म्हणजे रोळी आणि फडकं, त्यात सुधारणा करायला फार जागा नाही. धोका मात्र इथेच जास्त आहे. 2011च्या उन्हाळ्यात जर्मनीत ई. कोलाय जंतूची साथ आली, सुमारे 4 हजार लोक आजारी पडले आणि 50हून अधिक दगावले. माग काढत तपास पोचला तो मेथीच्या मोडांपर्यंत, इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. जंतू दाण्यावरच असेल तर मोडाची ऊब आणि ओल त्याला हवीच असते. म्हणून फडकं रोज उकळायचं (तेवढ्यासाठी चूल पेटवावीच लागते), कडधान्य दिवसातून तीनदा वाहत्या पाण्याखाली धुवायचं, आणि तळाशी पाणी साठणारे मजल्या-मजल्यांचे प्लास्टिकचे डबे घ्यायचे नाहीत. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं यांच्या मोडांना वाफ द्यावी. राजमा तर कुणीच कच्चा खाऊ नये. मोड आणल्यानं त्यातलं लेक्टिन हे विष जात नाही, चांगला उकळल्यावरच जातं.

वाळवणाच्या पेटीची गरज तुम्ही कुठे राहता यावर आहे. चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो. कच्च्या आहाराच्या मर्यादेला टेकणारी उष्णता तिथे गच्चीवर फुकट आहे, वरून सुती कापड बांधलं की झालं. कोकणात आमसुलं आणि आंबापोळी पिढ्यान्‌पिढ्या उन्हातच होत आली, पण पाऊस पडायच्या आत. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणि पावसाळ्यात पेटी उपयोगी पडते. पंखा मागे असलेली, स्टीलच्या ताटल्यांची आणि तापमान 35-40पर्यंत खाली येणारी घ्यावी. गोल, एकावर एक रचायच्या आणि खालून वारा देणाऱ्या पेटीत खालची ताटली करपते, वरची ओली राहते.

भांड्यांत पितळ-तांबं नको. कल्हई गेलेल्या भांड्यात दह्याची कोशिंबीर कळकते. काच, चिनी माती, स्टील यांतच कालवावं.

आणि फ्रिज. जंतू मारायला विस्तव नसेल तर त्यांना थोपवायला थंडीच उरते, आणि ती 5 अंशांच्या खाली असावी लागते. काही शे रुपयांत फ्रिजमध्ये ठेवायचं तापमापक मिळतं. ते आधी मधल्या फळीवर ठेवून बघा, मग दारातल्या कप्प्यात. दिवसभर उघडझाप होणाऱ्या फ्रिजचं दार सगळ्यात गरम असतं, आणि बहुतेक घरांत मोडांचा डबा नि चिरलेल्या फळांची वाटी तिथेच ठेवलेली दिसते. ती आजच आत, तळच्या फळीवर सरकवा. यंत्राचं मॉडेल त्यानंतर ठरवू.