पत्रा नवा, पण गाय राडीत : गोठ्याचा ढाळ कुणी पाहायचा?



गेल्या काही वर्षांत आपल्या सातारा जिल्ह्यात वाडीवस्तीवर नवे गोठे उभे राहिले. काही स्वतःच्या पैशांतून, काही डेअरीच्या उचलीवर, तर काही सरकारी योजनेतून. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली आणि रोजगार हमीतून गोठा बांधण्याच्या कामाला वेग आला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण कामानिमित्त वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट सारखी खटकते. पत्रा चकचकीत, खांब ओळंब्यात, दर्शनी बाजूला फलक. आणि आत गाय मात्र घोट्याइतक्या राडीत उभी. पैसा गाईच्या डोक्यावर गेला, पायाखाली पोचलाच नाही.

पैसा कुठे संपतो?

२०२१ च्या त्या निर्णयात २ ते ६ जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते. त्यातले ७१,००० रुपये कुशल कामाचे आणि ६,१८८ रुपये अकुशल मजुरीचे. म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम सिमेंट, लोखंड, पत्रा, विटा आणि गवंडी यांतच जाते. बिल मागाहून मिळते, तोवर शेतकरी पदरचे घालतो. आधी पाया, मग खांब, मग छप्पर. तळाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तोवर हात आखडलेला असतो. मग गवंड्याला सांगितले जाते, "राहिलेल्या पोत्यांत कोबा उरकून टाक." छप्पर फोटोत दिसते, गव्हाण दिसते. ढाळ फोटोत दिसत नाही.

एक अनुभव सांगतो. एका वस्तीवर नवा गोठा पाहायला गेलो होतो. कोबा असा घोटलेला, की तोंड दिसावे. मीसुद्धा वाहवा केली. दीड महिन्यात त्या घरची सात महिन्यांची गाभण गाय उठताना मागच्या पायांवर घसरली आणि परत उभी राहिली नाही. डॉक्टर आले, सलाईन झाले, गाय गेली. मालक म्हणाले, "साहेब, सिमेंट तर भारीतलं घातलं होतं." खरेच होते त्यांचे. चूक सिमेंटची नव्हती, घोटाईची होती. आणि ती पाहूनही मी गप्प बसलो, उलट कौतुक केले. म्हणून हा लेख.

ओल्या तळाचे बिल

दूध काढून झाल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडे राहते. त्या वेळात गाय ओल्या शेणात बसली की जंतू आत जातात आणि कासदाह, म्हणजे आपली दगडी, होतो. कास गेली तर गाईची किंमत निम्मीही राहत नाही. दगडी लपून असली तरी दूध घटते आणि एसएनएफ खाली येतो. २०२४ मध्ये दुधाला लिटरमागे अनुदान मिळाले तेव्हा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरूनच होते. आपण दरासाठी भांडतो, भांडायलाच हवे. पण प्रत गोठ्यात घसरत असेल तर त्याचे गाऱ्हाणे कुणाकडे मांडणार?

दुसरे, खूर. सतत ओलीत राहिलेले खूर मऊ पडते, सडते, आणि लंगडी गाय गव्हाणीशी कमी उभी राहते. तिसरे, माश्या. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात लम्पीने केलेला कहर आपण विसरलेलो नाही. तो रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड पसरवतात. कुजका चारा, शेण आणि मूत्र यांचा काला म्हणजे चावऱ्या माश्यांचे माहेरघर. लसीकरण तर करायचेच; पण घरातच माश्यांची पैदास ठेवून लशीवर सगळा भार टाकणे शहाणपणाचे नाही.

साडेअकरा फुटांची वाटणी

योजनेतले माप ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, म्हणजे साधारण २५ फूट बाय साडेअकरा फूट. रुंदीची वाटणी अशी करा : गव्हाण २ फूट, गाय उभी राहण्याची जागा साडेपाच फूट, नाली १ फूट आणि मागे येण्या-जाण्याची वाट ३ फूट. संकरित गाय थोराड असेल तर उभ्या जागेत तीन इंच वाढवा आणि ते वाटेतून घ्या. जागा फार लांब झाली तर शेण नालीत न पडता गाईच्या बसण्याच्या जागेवरच पडते. आखूड झाली तर गाईचे मागचे पाय नालीत जातात.

ढाळ गव्हाणीकडून नालीकडे हवा. साडेपाच फुटांना सव्वा ते दीड इंच पुरे. जास्त दिला तर पाणी झटकन जाईल, पण गाभण गाईचा भार सतत मागे राहील आणि अंग बाहेर येण्याची भीती वाढेल. गवंड्याच्या नजरेवर विसंबू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहा आणि खुंट्या मारून दोरी धरा.

कोबा खरबरीत हवा

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच घ्या. मुरूम पाणी मारून धुमसाने चोपा, त्यावर दगडी सोलिंग आणि वर एकास दोनास चार प्रमाणाचे चार इंच काँक्रीट. काँक्रीट ओले असतानाच त्यात चार-चार इंचांवर अर्ध्या इंचाच्या खाचा पाडा, शंकरपाळ्यासारख्या तिरक्या. गवंड्याला आधीच बजावून ठेवा, की घोटाई करायची नाही. निदान दहा दिवस पाणी मारा आणि तोवर जनावर आत बांधू नका. नव्या खाचांच्या कडा धारदार असतात. त्या विटेने घासून, धुऊन घ्या.

कोबा आधीच गुळगुळीत झालेला असेल तर तो फोडायचे कारण नाही. जात्याला टाकी लावतात तशा छिन्नीने रेघा पाडून घ्या. रबरी चटई चांगली, गुडघ्यांना आराम मिळतो. पण ढाळ नसलेल्या तळावर ती टाकली तर खाली मूत्र साचते आणि घाण झाकली जाते, एवढेच.

सगळ्यांनी काँक्रीटच करावे असे नाही. माण-खटावसारख्या कमी पावसाच्या भागात चोपलेला मुरूम आणि मोकळे फिरायला कुंपणाचे आवार असा मुक्त गोठा स्वस्तात चालतो. दर वर्षी वरचा थर तेवढा बदलावा लागतो. पाटण-जावळीच्या पावसात मात्र मुरमाचा चिखल होतो. तिथे काँक्रीट, नाहीतर खरबरीत दगड घट्ट बसवलेला बरा. शहाबादी फरशी नको, ओली झाली की ती साबणासारखी निसरडी होते.

नाली आणि टाके

नाली उघडी, उथळ आणि फावडे सरळ फिरेल एवढी रुंद ठेवा. तळ गोलसर करा, कोपऱ्यांत शेण अडकत नाही. पंचवीस फुटांच्या नालीला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत निदान तीन इंच ढाळ द्या. बरेच जण चार इंची पाइप पुरून मोकळे होतात. आठ दिवसांत त्यात कडब्याचे काड अडकते आणि मग पाइप फोडायची पाळी येते.

नालीच्या शेवटी जाळी आणि गाळ बसायला छोटा खड्डा, त्यानंतर टाके. योजनेत मूत्राचे टाके २५० लिटरचे सांगितले होते. मोठी गाय दिवसाला साधारण १० ते १५ लिटर मूत्र टाकते. चार गाईंचे ४० ते ६० लिटर, म्हणजे टाके चार ते सहा दिवसांत भरते. पण गोठा धुतलेले पाणीही त्यातच सोडले तर ते एका दिवसातच ओसंडते. म्हणून आधी शेण कोरडेच ओढून घ्या, मग धुवा, आणि धुण्याचे पाणी वेगळ्या तोंडाने घासाच्या वाफ्याला काढा.

टाक्यातला माल वाया घालवू नका. स्फुरद बहुतेक शेणात असते, पण पालाशाचा मोठा भाग आणि नत्राचा चांगला हिस्सा मूत्रात असतो. गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबतो तो वास म्हणजे उडून चाललेले नत्रच. युरियाच्या गोणीसाठी रांग लावणाऱ्याने ते गटारात सोडावे, हे काही पटत नाही. झाकण लावलेले टाके ठेवा, आणि मूत्र उकिरड्यावर किंवा जीवामृताला वापरा.

पागोळ्यांचे पाणी आत येऊ देऊ नका. पत्र्याखाली बाहेरच्या बाजूने चर काढा. गोठ्याचे गटार रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात सोडल्याने किती भावकीची भांडणे पंचायतीपर्यंत आली, हे सरपंचांना विचारा.

बादलीची परीक्षा

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि रोजगार सेवक यांना विनंती. आखणीची दोरी मारताना एकदा आणि काँक्रीटच्या आदल्या दिवशी एकदा, असे दोनदा कामावर जा. काम झाल्यावर अंतिम मोजमापाआधी गव्हाणीशी बादलीभर पाणी ओता. पाणी स्वतःहून नालीत, नालीतून टाक्यात गेले पाहिजे. मध्ये डबके राहिले तर गवंड्याकडून ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, मगच शेवटचा हप्ता. शेतकऱ्यांनीही हीच अट आधी बोलून ठेवावी. योजनेचे नियम आणि रकमा बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी पंचायत समितीत चौकशी करा.

आणखी एक. गोठा बांधताना गवंडी मालकाला विचारतो, मालक गवंड्याला. रोज पहाटे शेण ओढते ती घरची बाई. तिला कुणी विचारत नाही. पाणी कुठे साचते, गाय कुठे घसरते, हे तिला तोंडपाठ असते. आखणीच्या दिवशी दोरीचे एक टोक तिच्या हातात द्या.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. गोठ्यातले पाणीही ढाळ असेल तिकडेच जाणार. तो ढाळ देणे आपल्या हातात आहे आणि त्याला खर्च पत्र्याइतका येत नाही. आज संध्याकाळी धार काढून झाली की एक बादली पाणी गव्हाणीशी ओतून पाहा. ते जिथे थांबेल तिथून कामाला सुरुवात करा.